तळ्याकाठचा तंबू

श्रोतेहो, तंबू ही वस्तू मला काही नवी नाही. पाटबंधाऱ्यांच्या कामावर मी चौतीस वर्षं काढली, आणि त्यांतली पहिली सहा-सात तर सर्वेक्षणाच्या छावणीतच गेली. जाड कॅनव्हासची राहुटी. पावसात भिजली की चार माणसांना उचलायची नाही. आत एक कंदील, खाटेखाली ट्रंक, आणि सकाळी चपला झटकून मगच पायांत घालायच्या, कारण आत विंचू मुक्कामाला असण्याचा संभव. तेव्हा निवृत्त झाल्यावर तंबूचं तोंड पुन्हा पाहायचं नाही, असं मी मनाशी पक्कं ठरवून टाकलं होतं.

पण २०२३ च्या मे महिन्यात आम्ही उभयता अमेरिकेत टेनेसी राज्यातल्या नॉक्सव्हिल या गावी मुलीकडे गेलो, आणि तिनं एके दिवशी जाहीर केलं, "बाबा, येत्या शनिवारी आपण सगळे तळ्याकाठी तंबूत राहायला जायचं." मी म्हटलं, "अगं, पक्कं घर सोडून तंबूत राहायला पगार मिळत असे मला! आता फुकट कोण राहतो?" ती हसली. म्हणाली, "फुकट कुठं? इथं आपणच पैसे भरायचे." माणसं पदरचे पैसे मोडून जमिनीवर निजायला जातात, ही गोष्ट मला तेव्हा मोठी चमत्कारिक वाटली. त्या चमत्कारिक गोष्टीबद्दलच आज चार शब्द सांगणार आहे.

आधी तो मुलूख कसा आहे ते सांगतो. अमेरिकेच्या पूर्व अंगाला, दक्षिणेत अलाबामापासून वर पार कॅनडापर्यंत, डोंगरांची एक लांबच लांब ओळ गेलेली आहे. तिचं नाव ॲपलाचिया. उंचीनं हे डोंगर काही मोठे नाहीत. त्यांतलं सर्वांत उंच शिखर, नॉर्थ कॅरोलिनातलं माउंट मिचेल, ६,६८४ फूट; म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा बाराशे-तेराशे फुटांनीच जास्त. पण वय विचाराल तर आपला सह्याद्री त्यांच्यापुढं कालचं पोर. सह्याद्रीचा काळा दगड सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, हिमालयाचं उठणं त्याच्याही नंतरचं. आणि ॲपलाचियाचे डोंगर उभे राहण्याचं काम संपलं त्याला तीस कोटींच्या आसपास वर्षं झाली. एके काळी ते आल्प्सच्या तोडीचे उंच असावेत, असं भूशास्त्रज्ञ मानतात. ऊन, पाऊस आणि वारा यांनी झिजून झिजून आता ते गोलसर, मऊ दिसतात. नखशिखांत झाडी. सकाळी त्या झाडीतून निळसर धुकं वर चढतं, म्हणूनच त्यांतल्या एका रांगेला 'स्मोकी', धुरकट डोंगर, असं नाव पडलं आहे.

आणि आता एक मौजेची गोष्ट. या दक्षिण भागात इतका पाऊस, इतके ओढे, इतक्या नद्या; पण नैसर्गिक तळं म्हणाल तर शोधूनही मिळायचं नाही. कारण असं की, उत्तर अमेरिकेतली हजारो तळी हिमयुगातल्या बर्फानं जमीन खरवडून केलेली आहेत, आणि ते बर्फ इतक्या दक्षिणेला कधी पोचलंच नाही. सबंध व्हर्जिनिया राज्यात मिळून नैसर्गिक तळी दोनच सांगतात. मग नकाशावर निळ्या शाईनं जी लांबट, बोटं पसरल्यासारखी तळी दिसतात, ती कुठली? ती सगळी धरणांची. आम्ही ज्या तळ्याकाठी चाललो होतो, तेही धरणाचंच. हे कळलं तेव्हा मात्र माझ्यातला जुना इंजिनियर जरा सावरून बसला.

१९३३ साली, मंदीच्या ऐन भरात, अध्यक्ष रूझवेल्ट यांनी टेनेसी व्हॅली ऑथॉरिटी नावाची सरकारी संस्था काढली. नदीचं सबंध खोरं एकाच हाताखाली घ्यायचं. पूर आवरायचे, वीज काढायची, नावा चालवायच्या, धुपलेली जमीन सुधारायची, असा तिचा मोठा पल्ला. आमच्या पिढीच्या इंजिनियरांना हे नाव मंत्रासारखं पाठ होतं. आपलं दामोदर खोरे महामंडळ १९४८ साली निघालं ते याच नमुन्यावर. तिथलं पहिलं मोठं धरण नॉरिस, १९३६ साली पुरं झालं. त्याच सुमारास सरकारनं बेकार तरुणांची पथकं उभी करून त्यांच्याकडून रानांत वाटा, पूल, विश्रामाच्या जागा आणि तळ बांधून घेतले. आपल्याकडे बहात्तरच्या दुष्काळात रोजगार हमीवर माणसं जशी खडी फोडत होती, तसलाच प्रकार. फक्त त्यांच्या खडीवर पुढं लोक सहलीला येऊ लागले.

तर शनिवारी सकाळी निघालो. जावईबापू गाडी चालवत होते. वाटेत अकरा मैलांचा एक घाट आहे, आणि त्याला तीनशे अठरा वळणं. लोकांनी ती मोजून ठेवली आहेत, आणि मोटरसायकलवाले केवळ ती वळणं घ्यायला दूरदुरून येतात. आमच्या सौभाग्यवतींनी आवळासुपारीची डबी उघडली ती घाट संपेपर्यंत मिटली नाही. पुढं एका वळणाशी खाली पाणी दिसलं. हिरव्या डोंगरांच्या बेचक्यांतून शिरलेलं, संथ, लांबच लांब पाणी. हेच ते फॉण्टाना तळं.

तळ वनखात्याचा होता. तळ म्हणजे काय, तर झाडीत अंतराअंतरावर सपाट केलेले चौकोन. प्रत्येकाला नंबर. प्रत्येक चौकोनावर एक लाकडी मेज-बाक, विस्तवासाठी एक लोखंडी कडं, कंदील टांगायला एक खांब. बस्स. नळ दूर, संडास दूर, वीज नाही. मला सर्वांत नवल वाटलं ते पैसे भरण्याच्या रीतीचं. कचेरी नाही, कारकून नाही. एक जाडजूड लोखंडी पेटी रस्त्याकडेला पुरलेली. पाकिटात आपणच पैसे घालायचे, वर नाव आणि नंबर लिहायचा, पाकीट फटीतून आत टाकायचं आणि अर्धी चिठ्ठी खांबाला लावून ठेवायची. बऱ्याच ठिकाणी आता महिने-महिने आधी जागा राखून ठेवावी लागते, पण ही पेटी अजून कितीतरी तळांवर आहे.

मग तंबू. आता इथं तरी आपलं ज्ञान उपयोगी पडेल म्हणून मी पुढं सरसावलो. पण तो तंबू मला उचलून पाहू दिला, आणि मी थक्क झालो. चार माणसांचा तंबू, आणि वजन आपल्या पाण्यानं भरलेल्या कळशीपेक्षा कमी! बारा वर्षांच्या नातवानं दोन वाकत्या काठ्या पन्हाळीतून ओवल्या आणि दहा मिनिटांत तो उभा केला. मला म्हणाला, "आजोबा, तुम्ही फक्त खुंट्या ठोका." निदान खुंट्या तरी माझ्या ओळखीच्या निघाल्या; तिरप्या ठोकायच्या आणि तणावा ताठ ओढायचा, हे शास्त्र काही बदललेलं नाही.

जागा निवडण्याचं शास्त्र मात्र मुलीनं शिकवलं, ते सांगण्याजोगं आहे. आधी वर बघायचं, मग खाली. वर का? तर वाळलेली झाडं आणि लोंबती फांदी आहे की काय ते पाहायला. तिथली हेमलॉक नावाची सूचिपर्णी झाडं एका परक्या किडीनं हजारोंनी उभीच वाळवून टाकली आहेत, आणि असलं झाड वाऱ्यात कधी मोडेल त्याचा नेम नाही. खाली बघायचं ते उतारासाठी. खोलगट जागा दिसायला उबदार, पण पाऊस आला की तीच पाणी धरते. तंबूखाली अंथरायचं कापड तंबूच्या तळापेक्षा चार बोटं लहान हवं. बाहेर डोकावलं तर छपराचं पाणी झेलून ते बरोबर तुमच्या अंगाखाली आणून सोडतं. आणि थंडी वाजते म्हणून सगळ्या खिडक्या बंद केल्या, तर तुमच्याच श्वासाचं दव होऊन पहाटे तुमच्यावर ठिबकायला लागतं. तिथं आपल्यासारखे चार महिने पावसाचे, आठ महिने कोरडे, असा हिशेब नाही. पाऊस बारा महिने. उन्हाळ्यात दुपारी आभाळ गडगडतं आणि तासाभरात लख्ख होतं.

आणि नदीकाठी असाल तर आणखी एक गोष्ट. धरणाच्या खालच्या अंगाला नदी शहाण्यासारखी वाहताना दिसते, मुलं मधल्या दगडांवर जाऊन बसतात. पण वर वीजघरात यंत्रं सुरू झाली की बघता बघता पाणी चढतं, आणि तेही तळातून आलेलं, बर्फासारखं गार. तिथं भोंगे बसवलेले असतात. भोंगा वाजला की मासा गळाला लागलेला असला तरी सोडून काठावर यायचं. हे मी इंजिनियर म्हणून हात जोडून सांगतो. आपल्याकडेही धरणाखालच्या पात्रात बसणाऱ्यांना.

दुपारी स्वयंपाकाची तयारी सुरू झाली आणि माझी झडती घेण्यात आली. झडती अस्वलापायी. या डोंगरांत काळी अस्वलं आहेत. शेजारच्या राष्ट्रीय उद्यानातच सुमारे एकोणीसशे. त्यांचं नाक विलक्षण. तंबूत खाण्याचा कण ठेवायचा नाही. आणि खाण्याचाच नव्हे, तर साबण नाही, दाताची पेस्ट नाही, डोक्याचं तेल नाही. सगळं बंद गाडीत किंवा लोखंडी पेटीत. माझ्या पिशवीतून बेसनाचे चार लाडू निघाले, ते जप्त झाले. सौभाग्यवतींच्या पिशवीतून हिंगाची डबी निघाली. तेव्हा जावईबापू अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "आई, या वासानं एक तर अस्वल येईल, नाही तर या जिल्ह्यातली सगळी अस्वलं पळून जातील. प्रयोग नको." यातला विनोद सोडला तर मुद्दा खरा आहे. माणसाच्या अन्नाची चटक लागलेलं अस्वल पुढं माणसांत घुसतं, आणि शेवटी बहुधा त्यालाच प्राणास मुकावं लागतं. म्हणजे निष्काळजीपणा आपला आणि शिक्षा त्याला. अस्वल दिसलंच तर पळायचं नाही. दीडशे फुटांचं अंतर ठेवायचं, तोंड त्याच्याकडे ठेवून सावकाश मागं सरायचं.

लाकडाचीही अशीच शिस्त. घरून सरपण न्यायचं नाही. जवळच्या दुकानातून भट्टीत तापवलेली, शिक्का मारलेली लाकडं विकत घ्यायची. मला हे नसते सोवळे वाटले. पण त्यामागं मोठी दुःखाची कहाणी आहे. या डोंगरांत पूर्वी चेस्टनट नावाचा वृक्ष होता. त्याची फळं माणसं खात, डुकरं खात, अस्वलं खात. लाकूड घराला, कुंपणाला. डोंगरातल्या गरिबाचा तो कल्पवृक्षच. १९०४ साली न्यू यॉर्कमध्ये त्याच्यावर आशियातून आलेली एक बुरशी दिसली. चाळीस-पन्नास वर्षांत कोट्यवधी झाडं मेली. अंदाज साडेतीनशे-चारशे कोटींचा सांगतात. आज जुन्या बुंध्यांतून धुमारे फुटतात, थोडे वाढतात आणि पुन्हा मरतात. त्यानंतर ॲश वृक्षाचा भुंगा आला, २००२ साली तो मिशिगनमध्ये सापडला. आणि तो गावोगाव पसरायला एक कारण झालं हौशी लोकांनी मोटारीतून नेलेलं सरपण. एका रात्रीच्या शेकोटीसाठी सबंध रानाचा घात! तेव्हापासून मी त्या शिक्क्याला हसत नाही.

रात्री बिडाच्या तव्यावर मक्याच्या पिठाची भाकरी थापली. तिथले डोंगरी लोकही मक्याच्या पिठाचाच पाव करतात आणि उकडलेल्या घेवड्याशी खातात. म्हणजे झुणका-भाकरीचे ते नातलगच म्हणायचे. मग विस्तव मंद झाला. पलीकडचा काठ हळूहळू काळा पडला, आणि माझ्या लक्षात आलं की त्या काठावर एकही दिवा नाही. नजर जाईल तिथवर नाही. मोटारीचा आवाज नाही. बेडूक, पाण्याचा चुबुक-चुबुक असा सूर आणि झाडीत काजवे. याच डोंगरांत एका ठिकाणी हजारो काजवे एका तालात उजळतात आणि एकदमच विझतात, ते पाहायला लोक चिठ्ठ्या टाकून नंबर लावतात. आमचे काजवे बेशिस्त होते. भंडारदऱ्याला असतात तसे. पण किती वर्षांनी मी इतका काळोख पाहत होतो! मी मुलीला म्हटलं, "अगं, हा काठ इतका निर्मनुष्य कसा?" ती म्हणाली, "बाबा, तिकडं जायला रस्ताच नाही."

रस्ता का नाही, ते दुसऱ्या दिवशी कळलं.

रविवारी सकाळी धक्क्याकडे माणसं जमायला लागली. बहुतेक म्हातारी, काहींच्या हातात काठ्या, काहींच्या फावडी, दंताळी, कागदी फुलांचे हार, आणि झाकलेली पातेली. एका बोटीतून ती सगळी पलीकडच्या काठाला निघाली. शेजारच्या चौकोनात एक बाई उतरल्या होत्या, माझ्याच वयाच्या. त्याही फुलं घेऊन गेल्या, आणि संध्याकाळी परतल्यावर आमच्या मेजावर झाकलेली थाळी ठेवून म्हणाल्या, "तिकडच्या जेवणातलं उरलंय. तुम्ही पाहुणे आहात, घ्या." आम्ही त्यांना बसवलं, चहा दिला. मग त्यांनी जे सांगितलं, ते नंतर मी वाचूनही पाहिलं.

फॉण्टानाचं धरण युद्धातलं. १९४२ च्या जानेवारीत काम सुरू झालं, दिवसरात्र पाळ्या चालल्या, आणि १९४४ च्या नोव्हेंबरात पाणी अडलं. विमानांसाठी ॲल्युमिनियम हवं होतं, आणि ॲल्युमिनियमला वीज. धरण ४८० फूट उंच. आपलं कोयनेचं ३४० फुटांच्या आसपास. इतकं काम तीन वर्षांच्या आत! व्यवसाय म्हणून मी त्याला आजही नमस्कार करतो. पण त्या पाण्यापायी हजारावर कुटुंबं उठली. उत्तर काठची काही गावं बुडाली, आणि काही वस्त्या पाण्याच्या वरच राहिल्या. पण त्यांचा एकमेव रस्ता बुडाला. तेव्हा १९४३ साली लेखी करार झाला : ही सुमारे ४४ हजार एकर जमीन राष्ट्रीय उद्यानाला द्यायची आणि युद्ध संपल्यावर सरकारनं तिथं नवा रस्ता बांधून द्यायचा. कशासाठी? तर त्या रानात दोन डझनांहून जास्त लहान लहान दफनभूमी आहेत, आणि माणसांना आपल्या पितरांपाशी जाता यायला हवं.

रस्ता सात मैल झाला. बाराशे फुटांचा एक बोगदा झाला. आणि १९७० नंतर काम थांबलं ते थांबलंच. दगड फोडला की त्यातून आम्लधर्मी पाणी निघून ओढे नासत होते, हे एक कारण. खर्च हे दुसरं. आणि रान फाडू नका, असं म्हणणारेही पुष्कळ होते. आज तो रस्ता बोगद्यातून पार होतो आणि पलीकडे पायवाटेत संपतो. लोक त्याला 'कुठंच न जाणारा रस्ता' म्हणतात. शेवटी २०१० साली सरकारनं रस्त्याऐवजी जिल्ह्याला पाच कोटी वीस लाख डॉलर द्यायचं कबूल केलं. मात्र १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून उद्यानाचे लोक ठरावीक रविवारी बोट देऊन या मंडळींना पलीकडे नेतात. तिथं ती गवत काढतात, थडग्यांवर माती ओढून सारखी करतात, फुलं वाहतात, भजनं म्हणतात आणि तिथंच पंगत करतात.

त्या बाई म्हणाल्या, "माझी आई चौदा वर्षांची होती, गाव सोडलं तेव्हा. तिचा धाकटा भाऊ तिकडं पुरलेला आहे. अठ्ठ्याऐंशीव्या वर्षापर्यंत ती या बोटीत बसली. पैसे जिल्ह्याला मिळाले. आईला रस्ता हवा होता."

मी काही वेळ बोललो नाही. मग न राहवून सांगितलं, "मीही धरणावरचाच माणूस आहे. माझ्या देशात."

मला वाटलं, बाई उठून जातील. तसं काही झालं नाही. त्या शांतपणे म्हणाल्या, "कुणीतरी ते करणारच. माझा दिवाही त्याच विजेवर जळतो." आणि मग विचारलं, "तुमच्या लोकांना कबूल केलं होतं ते सगळं मिळालं का?"

श्रोतेहो, या प्रश्नाचं उत्तर माझ्यापाशी नव्हतं. नव्हतं, कारण मी ते पाहायला कधी परत गेलोच नाही. नोकरीच्या सुरुवातीला एका धरणाच्या बुडीत क्षेत्रात घराघरावर पांढऱ्या चुन्यानं पाण्याच्या रेषेच्या खुणा करण्याचं काम माझ्याकडे होतं. इथवर पाणी येणार, ही त्या रेषेचा अर्थ. एका घरी अंगणात तुळशीवृंदावन होतं. घरचे म्हातारबाबा मला म्हणाले, "साहेब, रेघ जरा हातभर खाली घ्या की. वृंदावन वाचंल." बावीस-तेवीस वर्षांचा मी त्यांना लेव्हलचं यंत्र समजावून सांगायला लागलो. रेघ मी हलवू शकत नाही, ती पाण्याची पातळी आहे, वगैरे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मला ताक दिलं. रेघ बरोबर होती. पाणी तिथवर आलं. पण त्या बाबांना पुढं कुठं जागा मिळाली, पाणी मिळालं की नाही, मुलं कुठं गेली, हे मी आजतागायत विचारलेलं नाही. माझ्या कामाच्या यादीत ते नव्हतंच.

त्या रात्री तंबूत झोप लवकर आली नाही. पलीकडचा तो काळोखा काठ, जो आदल्या रात्री मला इतका सुंदर वाटला होता, तो न झालेल्या रस्त्यामुळंच तसा राहिला होता. रस्ता झाला असता तर दिवे आले असते, मोटारी आल्या असत्या, अस्वलं हटली असती. म्हणजे माझ्या सुखाची रात्र आणि त्या आईचं दुःख, दोन्ही एकाच कराराच्या मोडण्यातून आलेली. यात न्याय कोणता, ते मला सांगता येत नाही. इतकंच कळलं की, ज्या निवांतपणासाठी आपण तंबू घेऊन जातो, त्याची किंमत कुणीतरी आधीच भरलेली असते. पेटीत टाकतो ते पाकीट फार लहान.

या डोंगरांतल्या पाण्याचं दुसरं रूपही पुढं दिसलं. सप्टेंबर २०२४ मध्ये हेलीन नावाचं वादळ तिकडं गेलं. पश्चिम नॉर्थ कॅरोलिनात काही ठिकाणी तीन दिवसांत दोन फुटांवर पाऊस झाला. ॲशव्हिलजवळच्या नद्यांनी १९१६ च्या महापुराची खूण ओलांडली. त्या एका राज्यात शंभरावर माणसं गेली. नदीकाठचे किती तरी तळ वाहून गेले. मुलीचा फोन आला तेव्हा ती म्हणाली, "बाबा, ज्या ओढ्याकाठी आपण परतताना डबा खाल्ला, तिथं आता काठच नाही." पाणी माणसाचं ऐकतं, असा गैरसमज धरणवाल्यांनी तर मुळीच करून घेऊ नये.

परत आल्यावर मी एक केलं. आपल्याकडे पवनेच्या धरणाकाठी शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईची तरुण मंडळी शेकड्यांनी तंबूत राहायला येतात. नातलगांतल्या मुलांबरोबर मीही गेलो. छान थाट होता. दिव्यांच्या माळा, गाणी, निखाऱ्यावर भाजलेलं कणीस. उन्हाळा होता, पाणी ओसरलं होतं, आणि वाघेश्वराचं जुनं हेमाडपंती देऊळ पाण्याबाहेर आलं होतं. पावसाळ्यानंतर ते पुन्हा बुडतं. उजनीच्या पाण्यात पळसदेवाचं देऊळ असंच उन्हाळ्यात वर येतं. मी एका मुलाला विचारलं, "हे देऊळ इथं पाण्यात कसं, ठाऊक आहे का?" तो म्हणाला, "काका, भारी फोटो येतो तिथं."

त्याला मी दोष देत नाही. त्याला कुणी सांगितलंच नाही. जेवण वाढणाऱ्या गृहस्थांना मी विचारलं, "तुमचं मूळ गाव कुठलं?" त्यांनी हात पुसले आणि बोटानं पाण्याकडे दाखवलं. मग आमचं दोन तास बोलणं झालं. आणि ती मुलंसुद्धा, गाणी बंद करून, ऐकत बसली.

तेव्हा श्रोतेहो, तंबू घेऊन जरूर जा. वर बघा, खाली बघा, उंचवट्यावर तळ द्या, रात्री पाण्यात उतरू नका, आपला कचरा आपण परत आणा. आणि विस्तव विझवून झोपण्यापूर्वी तिथल्या कुणा वयस्कर माणसाला एकदा विचारा, की बाबा, या पाण्याखाली काय आहे? मी उशिरानं का होईना, त्या जुन्या गावच्या माणसांचा ठावठिकाणा शोधायला लागलो आहे. म्हातारबाबा आता नसणारच. पण नातवंडं कुठंतरी असतील, आणि एक प्रश्न मी त्यांना विचारायचा बाकी आहे.